अर्ध्या ओळखीच्या टीचर

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाला दार नाही. चौकट आहे, उंबरठा आहे, बिजागऱ्यांच्या खुणाही आहेत. दार मात्र खोलीच्या मधोमध लाकडी पायांवर आडवे पडलेले आहे आणि त्याच्याभोवती बसून मुले टिपणे काढतात. कडी अजून जागेवर आहे. नवा विद्यार्थी बसला की त्याचा हात आपोआप त्या कडीशी खेळू लागतो, आणि मग हे दार आडवे कसे झाले ते जुने विद्यार्थी त्याला सांगतात. प्रत्येक जण थोडे निराळे सांगतो. मी त्या वेळी तेथे हजर होतो, म्हणून ते नीट सांगण्याचा पहिला अधिकार माझा, असे मी समजतो.

ते दार टीचरांनी काढले.

टीचर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आमच्या गावात ख्रिस्ती घरातल्या शिक्षिकेला ‘बाई’ न म्हणता ‘टीचर’ म्हणण्याची रीत आहे आणि ही रीत टीचरांना एवढी चिकटली, की त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांना टीचर म्हणे. गाव मिठबाव आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी वसलेले. गावाचे नाव मी येथे लिहिणार नाही, शाळेचे लिहिणार नाही आणि टीचरांचेही लिहिणार नाही. हा विसराळूपणा नव्हे. त्यामागे कारण आहे, आणि ते कारण टीचरांचेच आहे.

शाळेला संगणक मिळाले तेव्हा संस्थेने मोठ्या हौसेने त्या खोलीला फणसाच्या लाकडाचे नवे दार करून घेतले. पहिला तास व्हायच्या आत टीचर सुताराला घेऊन हजर झाल्या आणि त्याला म्हणाल्या, “काढ.” सुताराने माझ्याकडे पाहिले. त्यानेच ते दार आदल्या दिवशी बसवले होते.

“टीचर, दार कशासाठी काढता?” मी विचारले.

“सर, दाराआड जां चलता तां शाळेत कित्याक होया?” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे भात वाळत घालूचां तां खळ्यात, लगीन ठरवूचां तां खळ्यात, भांडाण करूचां तां तर खळ्यातच. मगे ह्या यंत्राकच माजघर कित्याक?”

खळे म्हणजे घरासमोरचे सारवलेले अंगण. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर जेथे सहज पडते ती जागा. टीचरांचे संगणकाविषयीचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका शब्दात मावत असे. पालक भेटले की त्या सांगत, “मोबाईल खळ्यात, माजघरात नाय.” मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेऊ नका, त्याच्या मागे हेरासारखे उभे राहू नका, फक्त त्याला अंगणात, माणसांत बसून तो वापरू द्या. दार काढून झाल्यावर ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच त्याला पाय लावून घेतले.

टीचर भूगोल शिकवत. मात्र साडीवर प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन घालत. विज्ञानाचा शिक्षक मी, आणि एप्रन त्यांचा, याचे तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांना कोडे पडले. टीचरांनी गंभीरपणे उत्तर दिले, “भूगोलाला खिसे लागतात, साहेब.” त्या खिशांत खडू, भिंग, शिंपले, होकायंत्र आणि आमसुले असत. वर्गात कोणी जांभई दिली की शिक्षा म्हणून नव्हे, उपचार म्हणून त्याच्या हातावर एक आमसूल पडे. आमसूल तोंडात असताना झोप येत नाही आणि रडूही येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. पहिला भाग मी वर्षानुवर्षे खरा होताना पाहिला. दुसऱ्याचा अनुभव पुढे एकदाच आला. तो यथाक्रम सांगेन.

वर्गात त्या पुस्तकासारखी प्रमाण मराठी बोलत आणि वर्गाबाहेर मालवणी. संगणक कक्षाला दार नसल्यामुळे तो आत की बाहेर हे ठरत नसे, म्हणून तेथे दोन्ही भाषा चालत. प्रत्येक संगणकाला त्यांनी माशाचे नाव दिले होते. सुरमई, पापलेट, बांगडा, तारली अशी ती रांग होती आणि सर्वांत संथ यंत्राचे नाव होते कालव; कारण कालव एकदा खडकाला चिकटले की हलत नाही. “सर, माझं कालव पुन्हा चिकटलं,” अशी तक्रार एखादा विद्यार्थी घेऊन आला, की नव्या शिक्षकांना क्षणभर आपण शाळेत आहोत की बंदरावर हे समजत नसे.

परवलीच्या शब्दाचा धडा तर आमच्या गावात दंतकथाच झाला आहे. मुलांना आपापला परवलीचा शब्द निवडायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी टीचरांनी काही न विचारता सगळा वर्ग किनाऱ्यावर नेला, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांसमोर उभा केला आणि म्हणाल्या, “आता एकेका होडीचे नाव मोठ्याने वाचा.” मुले वाचू लागली. दोन-तीन नावे झाल्यावर आवाज बारीक झाले. मग एकजण हसला आणि सगळा वर्ग वाळूत लोळू लागला. आमच्या गावात माणूस सर्वांत जपतो ती आपली होडी, म्हणून जवळजवळ प्रत्येकाने होडीचे नावच परवलीचा शब्द म्हणून दिले होते. आणि ते नाव तर होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हातभर अक्षरांत, दुरूनही दिसावे म्हणून रंगवलेले असते.

टीचरांना मुलांनी संगणकाला घाबरलेले आवडत नसे. वादळाचा इशारा देणारे निरोप फोनवर फिरू लागले की त्या मुलांना तो निरोप कधीचा, कोणी पाठवलेला, हवामान खात्याच्या अधिकृत पानावर तसे काही आहे का, हे शोधायला लावत. एकदा अशाच एका निरोपामुळे सगळ्या होड्या किनाऱ्यावर बसून राहिल्या होत्या. आठवीतल्या दीक्षाने तो निरोप मागच्या हंगामातला आहे हे शोधून काढले आणि आजचे अधिकृत अनुमान वडिलांना वाचून दाखवले. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. ते त्या दिवशी समुद्रात गेले आणि परत आले ते टोपल्या भरून. पुढे कितीतरी दिवस ते बाजारात सांगत, “माझ्या चेडवान सांगल्यान, म्हणान गेलंय.” चेडू म्हणजे मुलगी.

याच दीक्षाबद्दल मला सांगायचे आहे. पण त्याआधी टीचरांच्या ‘पूर्ण ओळखी’विषयी सांगितले नाही, तर पुढचे नीट उमगणार नाही.

टीचर लहानपणी शिकायला गोव्यात मावशीकडे राहिल्या होत्या. तेथे कोणी नाव विचारले की त्यांची मान खाली जाई आणि त्या नाव पुटपुटत. आपल्या शाळेतले एकही मूल असे मान खाली घालून उभे राहणार नाही, हा त्यांचा पण होता. म्हणून दर सोमवारी प्रार्थनेनंतर एक विद्यार्थी पुढे येई आणि ताठ उभा राहून खणखणीत आवाजात स्वतःची पूर्ण ओळख सांगे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वाडी, घराची खूण, घरी कोण कोण असते, वडील काय करतात, आई काय करते, मला काय आवडते, धन्यवाद. यात काही गळले तर टीचर एप्रनच्या खिशात हात घालून वाट पाहत, पण सुटका करत नसत. तालुक्याच्या स्पर्धांत परीक्षक आमच्या मुलांची ओळख ऐकूनच खूश होत. आणि खरे सांगायचे तर ही आमच्या मुलखाचीच चाल. येथे अनोळखी माणूस दिसला की “खंयचो रे तू? कोणाचो?” असे विचारतात आणि विचारणाऱ्यालाही आपले सगळे गोत्र सांगावे लागते. अर्धवट सांगणारा माणूस आमच्याकडे उद्धट समजला जातो.

दीक्षा नववीत गेली तेव्हा ती ‘पापलेट’वर एक मोठे चित्र काढत होती. रापण ओढण्याचे दृश्य होते ते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी मिळून ओढायचे लांबच लांब जाळे. जिल्ह्याच्या बालचित्र प्रदर्शनाला ते पाठवायचे होते. पाणी झाले होते, वाळू झाली होती, जाळे अर्धे झाले होते; माणसे अजून यायची होती.

एके सकाळी प्रार्थनेआधी ती संगणक कक्षात आली. टीचर आणि मी त्या आडव्या दारापाशी बसून वेळापत्रक जुळवत होतो. तिने आईचा फोन उपडा करून दारावर ठेवला आणि म्हणाली, “टीचर, तुमी सांगललात, कोण ‘कोणाक सांगू नको’ म्हणाक लागलो, की तां पयलां तुमका सांगायचां. म्हणान इलंय.”

खळ्याच्या नियमानंतरचा हा टीचरांचा दुसरा नियम होता आणि तिसरा त्याला जोडूनच होता: येऊन सांगणाऱ्याला ओरडा मिळायचा नाही. टीचरांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी खिशातून एक आमसूल काढले, त्याचे दोन तुकडे केले, एक दीक्षाच्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. दीक्षाचे डोळे भरून आले होते. पण आमसूल चघळता चघळता ते कोरडे झाले, याला मी साक्षी आहे.

“सांगलंस तां बरां केलंस,” टीचर म्हणाल्या. “आता ह्यां तुझ्या एकटीचां काम नाय. आमचां.”

हकिगत अशी होती. चित्रे दाखवण्याच्या एका ठिकाणी दीक्षाला ‘अन्वी’ नावाची मैत्रीण भेटली होती. आपण रेडीच्या, नववीत शिकतो, वडील बंदरावर कामाला आहेत, असे अन्वीने सांगितले होते. तिने दीक्षाच्या चित्रांची पुष्कळ स्तुती केली. मग दीक्षाचा फोटो मागितला आणि दीक्षाने शाळेच्या सहलीतला एक पाठवला. आदल्या संध्याकाळी मात्र अन्वीने लिहिले होते की एकटी असशील तेव्हा आणखी एक फोटो काढ, कसा काढायचा ते मी सांगते, आणि हे घरी कोणाला सांगू नकोस. त्या शेवटच्या वाक्यापाशी दीक्षा थांबली होती.

टीचरांनी ते संभाषण सुरुवातीपासून वाचायला घेतले. मी शेजारीच होतो. अन्वीने पहिल्याच दिवशी विचारले होते, “तुझ्याविषयी सांग ना.” त्याखाली दीक्षाचे उत्तर होते. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वाडी, घराची खूण, वडील समुद्रावर केव्हा जातात, आई काजूच्या कारखान्यातून केव्हा येते, दुपारी घरी कोण असते, मला काय आवडते. शेवटी ‘धन्यवाद’.

टीचरांचे बोट तेथे थबकले. तोंडातले आमसूलही हलेनासे झाले.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “ही माझीच वाक्यां.”

पुढची कामे त्यांनी एकामागून एक पार पाडली. काहीही पुसू दिले नाही. प्रत्येक निरोपाचे चित्र उतरवून जपून ठेवले. मग ते खाते अडवले. दीक्षाच्या आईला बोलावून आणले आणि तिला घेऊन पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार दिली. काही दिवसांनी तेथून कळवण्यात आले, की अन्वी नावाची मुलगी नाहीच. रेडीपासून फार दूर बसलेला एक प्रौढ पुरुष होता तो, आणि पुढचे काम आता कायदा करील. दीक्षाकडून दुसरा फोटो गेलेला नव्हता. ती वेळेत बोलली होती.

पण गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. रविवारी पालकांची सभा बोलावण्यात आली. जागा मोठी म्हणून ती संगणक कक्षात आणि त्याच्या व्हरांड्यात भरली. संस्थेचे अध्यक्ष आडव्या दाराशी बसले होते, चहाचे कप दारावर होते आणि सभेपुढचा एकमेव विषयही ते दारच होता. ते पुन्हा चौकटीत बसवावे, त्याला कुलूप घालावे आणि संगणक शाळा तपासणीपुरते उघडावेत, असे बहुतेकांचे म्हणणे होते. दीक्षा मागच्या बाजूला आईजवळ बसली होती. ‘पापलेट’ तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्यातली रापण अर्धी होती.

तांडेल उभे राहिले. सकाळीच होडीवरून आले होते. “टीचर, तुमी वायट वाटून घेव नकात,” ते म्हणाले. “पण दार बशवा, कुलूप घाला नि चावी अध्यक्षांकडे ऱ्हवांदे. माझ्या चेडवाक चित्रां काढूक होयी तर कागदार काढू दे. ह्यां नको.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी टीचरांकडे पाहिले. टीचर युक्तिवाद करतील, निदान वादळाच्या त्या दिवसाची आठवण तरी देतील, असे मला वाटले होते. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्यांनी सभेवर नजर फिरवली आणि पाचवीतल्या एका चिमुरडीवर ती थांबवली.

“ओवी, हडे ये गो बाय. समज, मी कोण तां तुका ठावक नाय. फोनार एक बाई इचारता, तुझां नाव काय गो?”

ओवी पुढे आली. तिने टाचा जुळवल्या, हात मागे बांधले आणि छाती पुढे काढून प्रमाण मराठीत सुरुवात केली.

“नमस्कार. माझे नाव ओवी.” त्यापुढचे वडिलांचे नाव, आडनाव आणि वाडी मी येथे गाळतो. “आमचे घर पिंपळाच्या पारामागे आहे. त्याला निळे दार आहे. माझे वडील सकाळी मासेमारीला जातात ते संध्याकाळी येतात. आई अंगणवाडीत काम करते. दुपारी घरी मी आणि आजी असतो. आजीला कमी ऐकू येते. मला शेवखंडाचे लाडू आणि मांजरे आवडतात. धन्यवाद.”

इतक्या सुंदर उच्चारांना दाद म्हणून सभेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजता वाजताच कोठेतरी एक जोडी थांबली. ती ओवीच्या आईची होती. मग शेजारचीची थांबली. पाहता पाहता सगळ्या टाळ्या विरल्या. ओवीला वाटले आपले काही चुकले. “टीचर, घराची खूण सांगली मां मी?” तिने घाबरून विचारले.

“सगळां बरोबर सांगलंस बाये,” टीचर म्हणाल्या आणि तिच्या हातावर आमसूल ठेवले. मग त्या सभेकडे वळल्या. “ऐकलात? दीक्षान तेका ह्यांच सांगल्यान. चुकीचां कायच केल्यान नाय तेना. मी शिकवललां तांच केल्यान. समोर उभ्या माणसाक जां सांगूचां, तां न दिसणाऱ्या माणसाक सांगूचां नसता, ह्यां मी शिकवकच नाय. कुलूप घालूचांच झालां तर आधी माझ्या तोंडाक घालूक होया.”

कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. तांडेल मात्र हसले नाहीत. ते ओवीकडे पाहत होते.

“दार बशवलां तरी फोन तुमच्या घरातच आसा,” टीचर पुढे म्हणाल्या. “थंय कोण बशवतलो दार? माका तुमची पोरां बोलणारी होयी. दीक्षा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे इली, कित्याक? तेका ठावक होतां, ओरडा मिळूचो नाय. आज तुमी तेचां चित्र बंद केलात, की ह्या खोलयेतलां एक तरी पोर परत तोंड उघडतलां काय?”

मग तांडेलांनी मान मागे वळवली. “दीक्षा,” त्यांनी हाक मारली, “तां चित्र दाखय बगूया.”

दीक्षाने ‘पापलेट’ सुरू केला. पडद्यावर समुद्र आला, वाळू आली, अर्धे जाळे आले. तांडेल जवळ गेले, वाकले आणि तज्ज्ञाच्या स्वरात म्हणाले, “दोरी अशी ढिली नसता गो. माणसां लाव आधी, मगे ती ताणतली.” मग अध्यक्षांकडे पाहून त्यांनी चहाचा कप दारावर ठेवला. “ऱ्हवांदे दार. पण टीचर, ह्यां सगळां आमकाय शिकवा. आमची पोरां जां बगतत तां आमका ठावक नाय, ह्यां काय बरां नाय.”

अशा रीतीने ‘पूर्ण ओळख’ बंद झाली असे नाही. टीचरांनी तिचे दोन भाग केले. समोर दिसणाऱ्या, घरच्यांना माहीत असलेल्या माणसाला पूर्ण ओळख. पडद्यापलीकडच्या माणसाला अर्धी: “मी एक विद्यार्थिनी. मला चित्रे आवडतात. धन्यवाद.” आता सोमवारी मुले दोन्ही म्हणत. अर्धी ओळखही ताठ मानेनेच म्हणायची, असा टीचरांचा कटाक्ष होता. शांतपणे नकार देण्यालाही सराव लागतो, हे मी शिक्षक असूनही त्यांच्याकडूनच शिकलो.

शनिवारी दुपारी पालकांचा वर्ग सुरू झाला. शिकवणारी मुले, शिकणारे आईबाप आणि टीचर मधूनमधून आमसुले वाटणाऱ्या. परीक्षाही त्याच घेत. त्यांना आवाज बदलून फोन करण्याचे व्यसनच लागले होते. एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर शिक्षक खोलीतून तांडेलांना फोन लावला आणि नाकातून, अगदी कचेरीच्या मराठीत म्हणाल्या, “मी कुडाळहून बोलते आहे. आपल्या होडीच्या परवान्यात त्रुटी आहेत. आपले पूर्ण नाव सांगावे.”

तांडेलांनी पूर्ण नाव सांगितले. होडीचे नाव सांगितले. होडी कोठे लागते ते सांगितले, वाटेवरचे वळण समजावले आणि शेवटी म्हणाले, “बाईनू, कधी येतास? येवा. बांगडे ताजे आसत, जेवूनच जावा.”

“आपल्या फोनवर आता काही अंक येतील,” टीचर हसू दाबत म्हणाल्या. “ते वाचून दाखवावेत.”

“माका चष्म्याशिवाय दिसना नाय. थांबा हां, चेडवाक देतंय.”

फोन दीक्षाच्या हातात गेला. टीचरांनी अंकांची मागणी पुन्हा केली. मग तिचा आवाज आला, “टीचर, तुमचो आवाज वळखाक येता.” आणि पाठोपाठ तांडेलांचा, दूरवरून, कपाळावर हात मारल्यासारखा: “टीचर? शिरा पडली! मगे बांगडे काय कॅन्सल?” टीचर इतक्या हसल्या की त्यांच्या खिशातले शिंपले वाजले. बांगडे अर्थातच संध्याकाळी आले.

दीक्षाचे चित्र प्रदर्शनाला गेले. त्यात रापण ओढणारी माणसे तिने सगळी पाठमोरी काढली होती. ओले सदरे, ताणलेल्या पोटऱ्या, वाळूत रुतलेल्या टाचा. चेहरा एकाचाही नाही. खाली नावाऐवजी तिने एक छोटे पापलेट काढले होते. तांडेल चित्रासमोर पुष्कळ वेळ उभे राहिले आणि मग एका आकृतीवर बोट ठेवून सर्वांना सांगू लागले, “ह्यो मी. बगा, पाठ माझीच आसा.”

टीचर निवृत्त होऊन गोव्यात बहिणीकडे राहायला गेल्या. गेल्या नाताळाच्या सुमारास संगणक कक्षातला फोन वाजला. मी फळ्यावर आकृती काढत होतो, म्हणून जवळ बसलेल्या ओवीने तो उचलला. ती आता आठवीत आहे. मला तिचीच बाजू ऐकू येत होती. दुसरी बाजू मला नंतर टीचरांनी रंगवून सांगितली. दोन्ही जोडून लिहितो.

“हॅलो. कोण बोलतंय?”

“आगो, मी तुमची जुनी टीचर! नवो नंबर घेतलंय. तू कोण?”

“मी शाळेतली एक विद्यार्थिनी.”

“आवाज वळखूक नाय माझो?”

“आवाज सर्दीचो येता. तुमचां काम काय आसा?”

“सरांका जरा दी बगूया.”

ओवीने माझ्याकडे पाहिले. मी खडू हातात घेऊन तिच्यासमोर उभा होतो. “सर आसत की नाय, तां मी सांगूक शकत नाय.”

“ओवी आसस मां गो तू?”

“तां पण सांगूक शकत नाय. तुमी नाव नि नंबर देवा, सर फोन करतले. धन्यवाद.”

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला, मान ताठ केली आणि पुन्हा ‘बांगड्या’समोर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात टीचर रेल्वेने कुडाळला उतरल्या, तेथून एसटीने गावात आल्या आणि थेट संगणक कक्षाच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. अंगावर एप्रन नव्हता. पण हातात नाताळच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, मोठा डबा होता. “खंय आसा ती चेडू,” त्या गरजल्या, “जेना माझो फोन आपटल्यान?” ओवी उभी राहिली. टीचरांनी तिला जवळ ओढले, पोटाशी धरले आणि अख्खा डबा तिच्या हातांत दिला. त्यांचे डोळे वाहू लागले. आमसूल बहिणीकडे राहिले होते.

मी संधी साधून विचारले, “टीचर, तुमच्याविषयी लिहावे म्हणतो. परवानगी आहे?”

“लिवा, सर,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “पण वळख अर्धीच हां. माझीय, गावाचीय.”

ती अट मी पाळली आहे. ओवी अजून डबा हातात धरून तशीच उभी होती. झाकण उघडण्याआधी तिने टीचरांकडे एकदा निरखून पाहिले.

“टीचर, नेवऱ्यो तुमी दिल्यात तां कोणाक सांगू नको, असां नाय मां?”

“नाय गो बाय,” टीचर म्हणाल्या. “सगळ्यांक सांग.”

आणि ओवीने दार नसलेल्या चौकटीतून सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी हाक मारली.